औषधखिडकीवरची भाची

दि. ६ एप्रिल

चि. भाऊ यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी, वाणिज्य शाखेचा पदवीधर, पाइपांच्या कारखान्यातील हिशेब विभागाचा प्रमुख आणि तुझा थोरला भाऊ, हे पत्र एका रुग्णालयाच्या अधीक्षकास लिहीत आहे. तो अधीक्षक तूच आहेस, हा भाग वेगळा. ही सुरुवात वाचून तू हसशील. हसून घे, पुढे हसण्यासारखे काही नाही.

हेतू एकच. आपल्या माईची लेक ठकी तुझ्या रुग्णालयाच्या औषधखिडकीवर बसते. तिला सातवा महिना लागला आहे. साथ भरात आहे आणि तापाचे रोगी चिठ्ठी घेऊन प्रथम तिच्याच तोंडासमोर येतात. तिला तेथून उठवून आतल्या साठ्याच्या खोलीत बसव, आणि लस मिळावी म्हणून तुझ्या सहीचे पत्र दे. दोन्ही गोष्टी तुझ्या हातातल्या आहेत. माझी समजूत चुकीची असल्यास कोणत्या नियमाने चुकीची, ते कळव.

लसीचा प्रकार माईने कळवला तेव्हा माझा विश्वास बसेना. बाकी सर्व कर्मचाऱ्यांना टोचून झाले. गरोदर बायकांना केंद्रावरचा माणूस म्हणतो, वरिष्ठांचे पत्र आणा. वरिष्ठ, म्हणजे तू, म्हणतोस डॉक्टरांचे आणा. डॉक्टरीणबाई तोंडाने खुशाल घ्या म्हणतात, कागदावर मात्र एक अक्षर लिहीत नाहीत. कामावर बोलावताना ती धडधाकट कर्मचारी, आणि लस मागितली की नाजूक अवस्थेतली बाई. एकाच इमारतीत एकाच बाईची ही दोन वजने कशी भरतात, हे इतकी वर्षे हिशेब तपासूनही मला उलगडलेले नाही.

जावईबापू नोकरीच्या गावी अडकले आहेत. माई एकटी तिच्याजवळ आहे. फोनवर तू ‘बघतो’ म्हणतोस. ‘बघतो’ हे कागदावर लिहायला धजतोस का, ते पाहावे म्हणून हे पत्र. तुझ्या वहिनीचे आशीर्वाद. लोभ आहेच, त्याला आता कामाला लाव.

दादा

दि. १० एप्रिल

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. वहिनींना नमस्कार.

निम्मे कर्मचारी अंथरुणाला खिळले आहेत. मी कचेरीतल्या बाकावर झोपतो. अशा दिवसांत थोरल्या भावाने नोटिशीच्या भाषेत लिहावे, याचे वाईट वाटले.

गर्भारपण हा आजार नव्हे, असे सेवानियम म्हणतात; मी नव्हे. लसीबाबत वरून लेखी सूचना नाही. ती गरोदर बायकांवर तपासलेलीच नाही. उद्या काही विपरीत घडले तर कागदावर सही माझी असेल.

ठकी माझी भाची आहे हे पहारेकऱ्यापासून सर्वांना ठाऊक आहे. ती नोकरीला लागली तेव्हाच कुजबुज झाली होती. आज तिला आत बसवले तर उद्या जिन्याजिन्यावर तेच ऐकू येईल, की साहेबांनी भाचीला सांभाळले. प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ आणि वॉर्डातली आया याही गरोदर आहेत. मग त्यांनाही उठवावे लागेल. काम कोणी करायचे?

खुर्चीवर बसल्यावर नातेवाईक ओळखायचे नाहीत, हे तूच मला शिकवलेस. तेच मी पाळतो आहे, आणि तूच मला जाब विचारतो आहेस.

माईला समजाव. परवा तिने माझा फोन उचलला आणि एक शब्द न बोलता ठेवून दिला. राग नसावा.

तुझा,
भाऊ

दि. १५ एप्रिल

ती. मोठ्या मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही धाकट्या मामांना झाडलंत हे आईने सांगायच्या आधीच मला कळलं. किती दिवसांनी आईसाहेब गुणगुणत भांडी घासत होत्या! मी विचारलं तर म्हणाली, कुठे काय, घसा मोकळा करत होते.

खिडकीची गंमत सांगते. काचेला खाली अर्धगोल भोक आहे. माणसं तिथे वाकतात आणि मला नीट ऐकू यावं म्हणून नेमका मास्क खाली ओढून बोलतात. मी ओरडून वर घ्या म्हटलं, तर एक आजोबा म्हणाले, अगं पोरी, तोंड झाकलं तर तुला ऐकू कसं येणार? वर माझ्या अवताराकडे बघून जपून राहा म्हणाले आणि खोकले. आता यावर हसायचं की रडायचं, तुम्हीच सांगा. साठ्याच्या खोलीत एक पहिलवान गडी दिवसभर खोकी मोजत बसतो. जागा बदलतोस का म्हणून मीच त्याला विचारलं. तो बिचारा आजच येतो म्हणाला. धाकट्या मामांनी नाही म्हणून सांगितलं.

हल्ली ते व्हरांड्यात समोर आले की भिंतीवरची सूचना वाचायला लागतात. ती सूचना उंदरांच्या औषधाबद्दल आहे. त्यांची आता पाठ झाली असेल.

पण मामा, थोडा राग तुमच्यावरही आहे. तुमच्या पत्रात मी एकटीच होते. आम्ही तिघी आहोत. प्रयोगशाळेतली दिवसभर लोकांच्या घशातले नमुने हाताळते. आया तर रोग्यांच्या उशाशीच असते, आणि तिच्या घरात कमावणारी ती एकटी. आम्ही गच्चीच्या जिन्यावर लांब लांब बसून डबा खातो आणि कोणाचं किती लाथा मारतं यावर भांडतो. मला एकटीला उठवलं तर त्या दोघींसमोर मी डबा कसा उघडू? मागायचं तर तिघींसाठी मागा, नाहीतर मागूच नका.

आमचं हे तर भलतंच अस्वस्थ आहे. आई म्हणते मोठ्या मामांवर गेलंय, चूक दिसली की पाय आपटतं.

आज जरा कणकण वाटते. बसून बसून पाठ भरली असेल. आईला कळवू नका, ती घर डोक्यावर घेईल. मामींना नमस्कार.

तुमची लाडकी, पण आज रुसलेली,
ठकी

दि. २४ एप्रिल

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगण्याचे धैर्य झाले नाही.

ठकीला दाखल केल्याचे माईने कळवलेच असेल. ऑक्सिजन लावूनही तिचा श्वास पुरेना, म्हणून काल शस्त्रक्रिया करून बाळ बाहेर काढावे लागले. मुलगी होती. ती राहिली नाही. ठकी मात्र आज सकाळपासून सुधारते आहे. डॉक्टरांच्या मते तिचा धोका टळत आला आहे. बाळाचे तिला अजून सांगितलेले नाही. डॉक्टरीणबाईंनी किंवा सिस्टरनी योग्य वेळ पाहून सांगावे, अशी मी सूचना दिली आहे.

सोबत आदेशाची प्रत पाठवत आहे. सर्व गरोदर कर्मचाऱ्यांना रोग्यांशी संबंध येणाऱ्या कामावरून मी मुक्त केले आहे. लसीची शिफारसपत्रेही माझ्या सहीने दिली. तंत्रज्ञ आणि आया या दोघींनी लस घेतली. एवढे तरी झाले, असे तुला वाटेल अशी आशा आहे.

माई फाटकाशी बसून असते. तिला आत सोडता येत नाही. तिला तू समजाव.

तुझा,
भाऊ

भाऊ,

मायना आज मुद्दाम गाळला आहे. कारखान्याच्या मालमोटारीतून सकाळी येथे पोचलो. हे पत्र पहारेकऱ्याच्या हाती आत पाठवत आहे.

तुझा आदेश वाचला. चार ओळींचा आहे आणि भाषा निर्दोष आहे. वरून नवी सूचना आली असेल म्हणून मी त्यात संदर्भ शोधला. संदर्भ नाही. आदेश अधीक्षकाच्या अधिकारात काढला आहे. म्हणजे मला उत्तर लिहिलेस त्या दिवशीही तो अधिकार तुझ्याजवळ होता. काम कोणी करायचे, असे विचारले होतेस. खिडकीवर आता साठ्याच्या खोलीतला गडी बसला आहे. रस्त्यापलीकडून मी बराच वेळ पाहिले. लोकांना औषधे मिळत आहेत.

मी तुला शिकवले ते एवढेच, की खुर्चीचा लाभ घरच्यांना देऊ नये. भाचीला परक्यासारखे वागवलेस म्हणतोस. त्या दोघी तर परक्याच होत्या, त्यांना तू काय दिलेस? त्यांच्या बाबतीत कोणती कुजबुज होणार होती? तू निःस्पृह नव्हतास, भाऊ. तू भ्यालेला होतास, आणि त्या भीतीला निःस्पृहपणाचा गणवेश चढवलास. हे वाक्य विचार करून लिहिले आहे. ते मी मागे घेणार नाही.

लस गरोदर बायकांवर तपासलेली नव्हती, असे लिहिलेस. रोगही त्यांच्यावर तपासून धाडलेला नव्हता. त्याला मात्र तू सहीशिवाय आत येऊ दिलेस.

एवढे तरी झाले, असे मला वाटेल अशी तुला आशा आहे. त्या दोघी वाचल्या याचे समाधान मला आहे. ते तुझ्या खात्यावर जमा होणार नाही.

आता कामाचे. सिस्टर मघाशी फाटकाशी येऊन माईला भेटली. ठकी पोटावर हात ठेवून विचारते की बाळ काचेच्या पेटीत आहे ना, आणि सगळ्या हो म्हणतात. डॉक्टरीणबाई सिस्टरवर ढकलतात. सिस्टर म्हणाली की आपल्याला हे जमणार नाही, आणि तेथेच रडू लागली. मी आत जाण्याची परवानगी मागितली. तुझ्या नियमाप्रमाणे ती नाकारली गेली. नियम योग्य आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या वॉर्डात जाऊ शकेल असे घरचे माणूस मग एकच उरते.

तेव्हा तू जा. फेरीवर जातोस तसा चार जणांना मागे घेऊन नको. एकटा जा. तोंड झाकलेले असेल, म्हणून मी धाकटा मामा आहे असे आधी सांग. तिच्या उशाशी बस. मुलगी होती आणि ती राहिली नाही, हे तुझ्या तोंडाने तिला सांग. योग्य वेळ वगैरे पाहू नकोस; आणखी खोटे तिच्या वाट्याला नको. ती जे बोलेल ते ऐकून घे. ओरडली तर ओरडू दे. खिडकीबद्दल विचारील, तेव्हा सेवानियम सांगू नकोस. ती जा म्हणेपर्यंत उठू नकोस.

नंतर बाहेर ये आणि माईसमोर उभा राहा. ती तुझ्याशी बोलेल याची हमी मी देत नाही. आशीर्वाद आणि लोभ यांविषयी त्यानंतर लिहीन.

दादा
स्थळ : तुझ्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेर
दि. २७ एप्रिल