कुत्र्याचं पान

१८ सप्टें.
सुनीता जिला रोज पोळी घालायची ती काळी कुत्री परवा गाडीखाली गेली. मागे दोन पिल्लं. मनूने उचलून आणली, कूलरच्या खोक्यात ठेवली. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दूध दिलं.

१९ सप्टें.
दोघांना जुलाब. व्हरांडाभर. डॉक्टर म्हणाले, दूध बंद, पोळी बंद. मऊ भात, उकडलेला लाल भोपळा, मीठ-तूप नाही. थोडं थोडं.
सुनीताला शेवटच्या दिवसांत हेच चालायचं. हात आपोआप चालला. काही वाटलं नाही.

२१ सप्टें.
पिल्लांतला भुऱ्या सुधारला. छोटीचं अजून पातळच. त्यात पितृपक्ष. श्राद्धाचं कुत्र्याचं पान घालायला अख्ख्या ब्लॉकला आमचाच व्हरांडा सापडलाय. शर्माभाभी खीर-पुरी घेऊन हजर. ‘भाईसाब, पितरों का है, मना नहीं करते.’ मी मना केलं. ‘अच्छा,’ म्हणाल्या. बहुतेक बोलणं बंद.

२३ सप्टें.
ऑडिट. घरी उशिरा. खोक्यात पत्रावळ, खिरीतला एक मनुका. कोणी घातली, विचारलं नाही. छोटीचा लोळागोळा. सलाईन. डॉक्टर म्हणाले, ‘अगली बार नहीं झेलेगी.’ मनू खूप रडली. मला ते जमत नाही. सुनीता गेली तेव्हाही

२५ सप्टें. अविधवा नवमी
सुनीताचं श्राद्ध. करोल बागेतले गुरुजी आले. स्वयंपाक मनूने मोबाइलवर बघून केला, वडे दगड. कावळ्याने तरी लगेच नेले.
‘आता कुत्र्याचं पान,’ गुरुजी.
‘बाबा, खीर नको ना, प्लीज.’
‘मग रस्त्यावरच्या एखाद्याला घाला. काय बिघडतंय?’
बिघडत काहीच नव्हतं. पण सुनीताचं पान तिच्या काळीच्याच पिल्लांनी खावं, असं एकदम वाटलं. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी वाटलं. पानावर मऊ भात आणि भोपळा वाढला. गुरुजींनी चष्मा पुसला.
भुऱ्याने आपल्या बाजूचं चाटूनपुसून खाल्लं. छोटी आली, हुंगलं, पानाशी बसली. कालपासून तिच्या पोटात काही नाही.
गुरुजी जेवून गेले. मनू दोनदा बोलावून गेली. म्हटलं, तू बस. पान तसंच असताना मी कसा जेवू?
वही घेऊन व्हरांड्यातच बसलोय. भात गार झाला होता, पुन्हा कोमट करून आणला. छोटीने मान वर केली आहे.