जुनी पिन

उस्ताद, आज सकाळी मी मुलीच्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा एक्सल बदलला, आणि ती त्याच गाडीवर नवा रायपूरच्या ऑफिसला निघून गेली आहे. अर्धा तास झाला. पोहोचली की फोन करते, अजून केला नाही. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, पण काळजी लागली की तुम्हीच आठवता, म्हणून हे लिहीत बसलो आहे.

काम तुम्ही शिकवलं तसंच केलं. नवा एक्सल डिझेलनं धुतला, कोरडा पुसला, त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवला, आटे कोरडे ठेवले. ग्रीस ब्रेकच्या लायनरला लागलं तर ब्रेक धरणार नाही, या धास्तीनं बोटं तीनदा पुसली. बुश बसलं, चाक बसलं, चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळल्या, नट कसला. मग पाहतो तर एक्सलच्या पाकिटात पिन नाही. नटाच्या खाचेतून आरपार जाऊन त्याला फिरू न देणं, एवढंच तिचं काम. मी जुनी उचलली, पकडीनं सरळ केली, घातली आणि पुन्हा वाकवली. वाकवताना तिच्या एका पायाला बारीक चीर दिसल्यासारखी वाटली. चष्मा पुसून पाहिलं तर दिसेना. तेवढ्यात मुलगी हेल्मेट घेऊन बाहेर आली. ‘हो गया, बाबा?’ मी ‘हव’ म्हणालो.

ब्राह्मणपाऱ्यातल्या दुकानात तुम्ही कोणाच्याही चाकातून पिन काढली की, दुसऱ्यांदा वाकवलेली पिन तुटते म्हणून, आधी पिरगाळून तिचे दोन तुकडे करायचात, मग बाकीचं काम. मला ते उगाच नासधूस केल्यासारखं वाटायचं. एकदा दुपारी तुम्ही जेवायला गेलात आणि मी एका गाडीला जुनीच पिन लावली. तुम्ही परत येता, नटाखाली बोट फिरवता. ओरडत नाही. पिन जुनी हाय का, एवढंच विचारता. मी म्हणतो, जुनी हाय, पण मजबूत हाय. तुम्ही गाडी ढकलत माझ्यासमोर आणून उभी करता.

‘मंग जा. तुह्या मायले मागं बसव आन् तेलीबांध्यापर्यंत चक्कर मारून ये.’

मी हसतो. तुम्ही हसत नाही. किल्ली तुमच्या तळहातावर आहे आणि माझा हात पुढे होत नाही.

‘काहून? दुसऱ्याची माय चालते का?’

त्यानंतर तुमच्या दुकानात होतो तोवर मी एकही जुनी पिन परत लावली नाही. आणि आज माझ्याच मुलीच्या गाडीला लावली.

फोन दोनदा हातात घेतला आणि खाली ठेवला. गाडी चालवताना फोन हेल्मेटात खोचून बोलायची तिला खोड आहे. मी फोन केला आणि तिनं हँडलचा हात सोडला तर? नाही केला आणि तिकडे नट सैल होत असला तर? डोळे मिटले की तो नट फिरताना दिसतो, म्हणून डोळे उघडे ठेवून लिहितो आहे.

आत्ता तिचा फोन आला. ‘पहुँच गई, बाबा. गाडी मक्खन चल रही है.’ मी तिला म्हणालो, गाडीले हात लावू नको, बसनं घरी ये. पिन जुनी लागली आहे, नवी लावायची विसरलो. ती म्हणाली, ‘ठीक है, बाबा. आप घबराओ मत.’

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहून टाकतो. मी विसरलो नव्हतो, उस्ताद. पिन सदर बाजारात मिळते, घरापासून दहा मिनिटांवर. पण तिथल्या गाड्यांच्या गर्दीत रस्ता ओलांडायची मला आता भीती वाटते, म्हणून गेलो नाही. हे तिला अजून सांगितलेलं नाही.