बारा नंबरची दोन बिऱ्हाडं

ती. भाऊजींस,

भाऊरावाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? जानकीताईने धाडलेली कुळथाची पिठी पोचली, पण नंदकुमारच्या बायकोने आधी उघडली (खोली एकच, त्यामुळे आलेलं पार्सल दोघा भावांचं). फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला हे मोठ्याने बोलवत नाही.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून मी मुलुंडच्या सॉसच्या कारखान्यात चिकटलो. या महिनाअखेर मालक मला कायम करणार होते. तेवढ्यात दोन नव्या मशीन आल्या, एक बाटली भरणारी, एक बूच लावणारी. भाऊजी, या मशीन एकमेकींशी बोलतात हो! प्रत्येकीची वायर एका डब्यात जाते आणि तिथून निरोप बरोबर पत्त्यावर पोचतो. पत्ता म्हणजे चार आकडे. पहिले तीन सगळ्यांचे सारखे, आपल्या चाळीच्या नावासारखे. शेवटचा म्हणजे खोली नंबर. मालक म्हणाले, पत्ते तुम्हीच घाला. मी बघितलं, दोघी एकाच चौथऱ्यावर, एकीचं काम संपलं की दुसरीचं सुरू, म्हणजे एका घरच्या सासूसुनाच. दिला दोघींना बारा नंबर. (यात वावगं काय? वाकोल्याला खोली नंबर बारामध्ये आमची दोन बिऱ्हाडं तीस वर्षं नांदतायत. पाकिटावर नुसतं आडनाव असलं तरी चंद्रप्रकाश पोस्टमन अक्षर बघून सांगायचा, हे थोरल्याचं, हे धाकट्याचं.)

जी वाट लागली म्हणता! भरणारी मध्येच गप्प व्हायची, बूचवाली बाटली नसताना बुचं फेकायची. चार दिवस सगळं बंद. मालकांनी तोंडावर सांगितलं, शनिवारपर्यंत चाललं नाही तर कायम व्हायचं विसरा. मला जेवण जाईना.

शुक्रवारी घाटकोपरहून अक्षता नावाची इंजिनीअर आली. तुमच्या सर्वेशच्या वयाची असेल. मी पाना पुढे केला, तिने घेतलाच नाही. लॅपटॉप जोडला, एक ओळ टाइप केली आणि हळूच म्हणाली, "काका, बारा नंबरला हाक मारली की दोघी ओ देतायत." प्रत्येक मशीनच्या पोटात जन्मापासून एक वेगळा नंबर असतो म्हणे, त्यावरून तिने दोघींना ओळखलं. बूचवालीला तेरा नंबर दिला आणि लाइन सुरू. देवळातसुद्धा माझे हात इतक्या पटकन जोडले जात नाहीत. वर पोरीची माणुसकी बघा, मालकांना एवढंच म्हणाली की पत्त्यांचा घोळ होता, निस्तरला. कोणी केला, ते सांगितलं नाही.

तर एकूण सगळं झकास आहे. ताईला नमस्कार.

आपला,
भाऊराव

ता. क. झकास नाही. मला राहवलं नाही, घोळ माझाच होता हे सोमवारी मालकांना सांगून टाकलं. ते म्हणाले, ज्यांनी तुमच्यासाठी शब्द टाकला ते पुन्हा टाकतील का? तसं लेखी आणा, कायम करतो. तेवढ्या दोन ओळी लिहाल ना?

ता. क. २. पत्र कारखान्याच्या पत्त्यावर, माझं पूर्ण नाव घालून पाठवा. घरी नको. चंद्रप्रकाश गेल्या महिन्यात रिटायर झाला.