घिलोडीतलं ताक

प्रिय एकता,

मम्मी फोन सोडून कागदावर का उतरली म्हणून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत. उलट मी आज इतकी खूश आहे की फोनवर सांगायला बसले तर अर्धं राहून जाईल. आणि मराठीत का, ते तुला ठाऊक आहे. मम्मी रागावते मारवाडीत आणि लाड करते मराठीत, असं तूच लहानपणी शहादाभर सांगत फिरायचीस. धानोऱ्याच्या शाळेत शिकलेल्या बाईचे लाड त्याच भाषेत निघणार ना.

तर ऐक. यंदाच्या दिवाळीचं जेवण मी पार बदलून टाकलंय, आणि काल रविवारी त्याची रंगीत तालीमसुद्धा झाली. तुला खाता येणार नाही अशी एकही वस्तू ताटात ठेवली नाही. बेसनाचे गट्टे वाफवलेले, तळण नाहीच. बाटी ज्वारीची, त्यात हरभऱ्याचं पीठ, निखाऱ्यावर भाजलेली आणि तुपात न बुडवलेली. जीपवाल्या वाहरूने धडगावहून भगर आणि आमचूर आणून दिलं, त्या भगरीची तूरडाळ घालून मऊ खिचडी केली. दुधीला तेल इतकं कमी, की आपली कामाला येणारी तुळशीबाई पुन्हा पुन्हा कढईत डोकावून बघत होती, मी विसरले की काय म्हणून. शेवटी तीळ-शेंगदाण्याचा लाडू, साखर नाही, नावापुरता खजूर, आणि आकार सुपारीएवढा. तो बघून तुळशीबाई म्हणते कशी, हाऊ लाडू शे का औषधनी गोळी शे? खाल्ल्यावर मात्र आणखी मागायला लागली. मी दिला नाही. नियम म्हणजे नियम.

गेल्या दिवाळीचं नाव काढायचं नाही, असं आपल्या घरात कोणी न ठरवता ठरून गेलंय. पण मी काढणार. तुला साखर निघाली होती, इन्शुलिनच्या सुया नुकत्या सुरू झाल्या होत्या, आणि भरल्या पंगतीत तुझ्या पप्पांनी मोतीचुराच्या लाडवाचा घास तुझ्या तोंडापाशी धरला. मनुहाराचा, आग्रहाने भरवलेला घास परतवायचा नसतो, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. तू मान फिरवलीस. ते सगळ्यांदेखत बोलून गेले, की शिकलीस तसा बापाचा हातही नकोसा झाला. तू ताटावरून उठलीस आणि सकाळच्या गाडीने पुण्याला निघून गेलीस. तेव्हापासून तुमच्या दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चाललंय. मला दोघांचाही राग आला होता, आणि तो चांगला मारवाडीत होता.

म्हणून तालमीचं सांगितलं तेव्हा पप्पा काय म्हणतील याची मला धास्ती होती. त्यांनी तर दुकानातली ज्वारी स्वतः निवडून पाठवली. शेजारचे चुनीलालभाई सहकुटुंब आले, आणि दिवस मावळल्यावर आपण जेवत नाही म्हणून उन्हं असतानाच पंगत बसली. सगळं झकास चाललं होतं. मी खिचडी आणायला आत गेले, तेवढ्यात पप्पा महाशय तुपाची पितळी घिलोडी घेऊन पंगतीत फिरले. प्रत्येकाच्या बाटीवर धार. माझा सगळा बेत तुपात पोहत होता. मी दारातच थबकले आणि माझं तोंड बघून त्यांना कळलं आपण काय केलं. म्हणाले, हात सवयीने गेला गं, पाहुण्यापुढे कोरडं ताट बघवत नाही. चुनीलालभाई तेवढे मनापासून जेवले.

मी त्यांच्यावर रागावले नाही, हसतच सुटले. पण त्यांना ते लागलं असावं. आज दुकान उशिरा उघडलं. त्याआधी घिलोडी रिकामी केली, चिंचेने घासली, तीत जिऱ्याचं ताक भरलं आणि मला नि तुळशीबाईला समोर बसवून वाढायचा सराव केला. वाढायला हातात काहीतरी हवंच ना, म्हणाले. मग काकडीची एक फोड उचलून माझ्या तोंडापाशी आणली आणि मध्येच हात थांबवून विचारलं, चालेल का? एकता, माझं लग्न झाल्यापासून या माणसाने घास भरवताना कोणाला असं विचारलेलं मी ऐकलं नाही. त्यांनी परत विचारलं. माझे डोळे भरून आले आणि तुळशीबाईला वाटलं काकडी कडू निघाली.

त्यानंतर मी तुला फोन लावत होते, तर त्यांनी अडवलं. लग्नाला बोलावतो तसं कागदावर कुंकू लावून बोलवायचं, म्हणाले, मी तिला ताटावरून उठवलंय, आता रीतीने बोलवू. मग तुम्हीच लिहा म्हटलं. दिवसभर बिलं लिहिणारा माणूस, बराच वेळ बसला आणि पेन माझ्याकडे सरकवून दुकानात गेला. कोपऱ्यातलं कुंकू त्यांच्याच बोटाचं आहे. ये गं. तुझं साखरेचं मशीन लपवून आणू नकोस, पंगतीत माझ्या शेजारी बसूनच तपास. आणि तू तर पाकीट उघडताच ओळखलं असशील, पत्राच्या वरचं ‘प्रिय एकता’ माझ्या हातचं नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
मम्मी