दिवसाला एक वाटी

२ डिसेंबर १९५७
जामच्या चौफुलीवर मोटारीतून ट्रंकेसकट उतरलो. तिथून बैलगाडीने दीड तास. सरकारी दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पडवी, चार खाटा आणि मी, नवा कंपाउंडर. डॉक्टर फक्त सोमवारी हिंगणघाटहून येतात. बाकी सहा दिवस गाव मलाच डॉक्टर म्हणणार. साताऱ्यात मला घरी कुणी साधं शहाणा म्हणत नव्हतं! एकूण मजेत आहे.

५ डिसेंबर
पुनाजी नावाच्या गोंड शेतमजुराने बायकोला गाडीत घालून आणलं. गंगा, वय वीसेक. मंगळवारी मुलगी झाली, फार रक्त गेलं, आणि तेव्हापासून लघवीचा थेंब नाही. मी ऐटीत सांगून टाकलं, भरपूर पाणी पाजा, संत्र्याचा रस द्या, मोकळी होईल. सासू रामबाईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. इथे आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही, आणि सध्या संत्र्यांचा हंगाम. संध्याकाळपर्यंत खाटेखालची टोपली भरली.

९ डिसेंबर, सोमवार
गंगाचा चेहरा इतका सुजलाय की डोळे मिटत आलेत. डॉक्टरांनी तिला तपासलं, टोपली पाहिली आणि मला पडवीत नेऊन फैलावर घेतलं. तिची मूत्रपिंडं बंद पडली आहेत. पाजलेलं पाणी अंगातच साठतंय. संत्र्यातले क्षार रक्तात साठले की हृदय थांबतं. परदेशात रक्त धुणारं यंत्र निघालंय म्हणे. पंधरा दिवस ते मिळालं तर तेवढ्यात मूत्रपिंडं आपोआप जागी होऊ शकतात. मी नागपूर विचारलं, मुंबई विचारली. दोन्हीकडे नाही, म्हणाले. आता दिवसाला एक वाटी पाणी, संत्रं बंद, आणि वाट पाहायची. चार दिवस मी तिला विष पाजायला लावलं. माझी मला शरम वाटते.

१० डिसेंबर
रामबाई ऐकेना. "परवा तुमीच पाज म्हनलं, आता नाई काऊन म्हन्ता? तहानेनं मारता का माह्या सुनेले?" खरं कारण सांगायचं तर माझी चूक सांगावी लागली असती. डॉक्टरांचा हुकूम आहे, एवढंच म्हणालो. संत्री कपाटात ठेवली.

१२ डिसेंबर
गंगाच्या श्वासाला मुतारीचा वास येतो. वाटी सकाळीच संपते, मग दिवसभर ती माझ्याकडे बघते. पुनाजी म्हणाला, घरी ती इतकी बडबडायची की गप्प बसवावं लागायचं. दुपारी खाट रिकामी दिसली. रांजण मी मुद्दाम उपसून ठेवलाय — ती त्याचं ओलसर बूड चाटत होती. ओठांवर माती. मीच तिला ओढून आणलं.

१४ डिसेंबर
लघवी झाली! दोन चमचे, पण झाली. पुनाजी रडला, मीही रडलो. मूत्रपिंडं जागी होताहेत. अजून आठेक दिवस सांभाळलं — फक्त तेवढे —

१५ डिसेंबर
सकाळी नदीवर गेलो होतो. तासभरच. परतलो तर गंगा हसत होती. ओठ ओले. रामबाईने कपाट उघडलं — बारा की पंधरा, सगळ्यांचा रस — लघवी सुटली, आता कायची बंदी, म्हणाली. खुशीत होती. मी तिला कारण सांगितलंच नव्हतं —

दुपार
डॉक्टर उद्या येणार. नाडी लिहून ठेवतोय. डाव्या हातात तिचं मनगट.
तीन वाजता — चव्वेचाळीस.
सव्वातीन — तीस. मध्येच अडखळते.
रामबाई विचारते, आता बरं झोपली ना. हो म्हणालो. पुन्हा हो म्हणालो —

एक ठोका — मोजतोय — दुसरा —
रामबाई पोरीला अंगावर पाजायला घेऊन आली आहे. गंगाचा पदर बाजूला करतेय. तिला थांब म्हणावं तर —
पुढचा ठोका अजून —