भिंतीपलीकडची थाप

ताई,

भाची म्हणाली, तुला आता अजिबात ऐकू येत नाही. फोन ठेवला आणि सगळ्यात आधी आठवली ती तुझी थाप.

पंख्याची घरघर, जिन्यातल्या लोखंडी दाराची करकर रेकॉर्ड करून मी ती कीबोर्डवर ताणून ताणून भेसूर करत बसायचो. पलीकडच्या खोलीत तुझा अभ्यास. डोकं उठलं की तू भिंतीवर दणकन थाप मारायचीस आणि वर, "मेल्या, घरात गिरणी घातलीस का?" मी मुकाट्याने हात आवरायचो. माइक मात्र चालूच असायचा. म्हणून माझ्या पहिल्या अल्बममधला प्रत्येक तुकडा तुझ्या थापेवर संपतो. कुठली कंपनी घेईना, मीच तो काढला. लोकांना ती थाप म्हणजे अंधारातला ढोल वाटली. कार्यक्रमात अजून तिचीच वाट बघतात. आता त्यांना काय सांगू, कप्पाळ? की ही आमची चिडलेली ताई आहे?

माझ्या हल्लीच्या खोलीच्या भिंती जाड, शेजारी भले. कुणी ओरडत नाही, त्यामुळे नवे तुकडे नुसते लांबत जातात. कुठे थांबायचं ते तूच ठरवायचीस ना!

हे पत्र टाकत नाही, कारण रविवारी मीच येतोय. मोठा स्पीकर आणतो, भिंतीला टेकवून लावतो. तू पलीकडे बस आणि भिंतीवर तळहात ठेव. खर्ज हातालाही कळतो.

पुरे झालं, की थाप मार.

तुझा,
गिरणीवाला