भित्र्याचं पाणी

४ एप्रिल

आले एकदाची! दोन बॅगा, एक टेबलफॅन आणि प्रवासभर मांडीवर सांभाळलेलं मनीप्लांट, एवढ्या संसारासह टेकडीवरच्या क्वार्टरमध्ये दाखल झाले. खोली छान आहे. भिंतींना नुकताच पांढरा रंग दिलाय, खिडकीला गज नाहीत आणि खाली पिळून टाकलेल्या धुण्यासारखी नदी दिसते. बाजूलाच आमचं संशोधन केंद्र. म्हणजे चप्पल पायात सरकवली की ऑफिस. उशीर झाला म्हणून सबबी सांगायची सोयच नाही.

हवामान बदलतंय, पाऊस पूर्वीसारखा वागत नाही, तर उद्या ही नदी कुठवर येईल, याचा अभ्यास इथे चालतो. माझं काम नकाशाचं. कुठली गल्ली बुडणार ती लाल, कुठली वाचणार ती हिरवी. धाकटीला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, म्हणजे ताई, तू लोकांच्या घरात पाणी सोडणार. कार्टी! लग्न झालं, आई झाली, तरी सुधारली नाही.

९ एप्रिल

ऑफिसातली माणसं मजेशीर आहेत. नदीकाठी पाणी मोजणारी जी यंत्रं बसवली आहेत, त्या सगळ्यांना यांनी नावं ठेवली आहेत. पुलाखालचा तो आजोबा, बंधाऱ्यावरचा आळशी, घाटावरची जुळी. दर वेळी नव्या यंत्राचं बारसं नव्या माणसाने करायचं, असा रिवाज. यंदा एकच नवं होतं. खालच्या आळीतून एक नाला जातो, वरून फरशी टाकून झाकलेला, तो नदीला मिळतो तिथे तोंडाशी बसवलेलं. नदी जरा हलली की याचा आकडा टुणकन उडी मारतो. मी म्हटलं, हा तर भित्रा!

सगळे खो खो हसले. साहेबांनी स्वतः खडूने फळ्यावर नाव लिहिलं. आल्या आल्या एवढं कौतुक मला कुठल्याच नोकरीत मिळालं नव्हतं. सारखी आपली हसतच होते.

२ मे

धाकटीच्या नवऱ्याला इथल्याच इस्पितळात नोकरी लागली! ती, तो आणि पिल्लू, तिघं इथे येणार. पिल्लू आता रांगतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं म्हणे. आई गेल्यापासून आम्ही दोघी एका गावात राहिलोच नाही. मला तर नाचावंसं वाटलं.

त्यांनी घरही पाहून ठेवलंय, खालच्या आळीत. अंगण, दोन खोल्या, भाडं झेपणारं. पण जुन्या नकाशात ती आळी लाल आहे, म्हणून धाकटी अडून बसली आहे. तुझा नवा नकाशा येऊ दे, तू हो म्हणालीस की सामान हलवते, असं म्हणाली. भार सगळा माझ्यावर टाकून मोकळी!

१७ मे

परवा पाऊस झाला. नदी फार चढली नाही. आजोबा, आळशी, जुळी सगळे शहाण्यासारखे वागले. भित्र्याने मात्र नाल्यात कमरेच्या वर पाणी दाखवलं. आज जाऊन पाहिलं, तर नाल्यात चिखल आणि एक फुटकी बादली. यंत्रावर कोळ्याचं जाळं होतं, ते पुसलं. बाकी काही बिघाड दिसला नाही.

आमच्याकडे पद्धत अशी, की एखादा आकडा चारचौघांना सोडून वागला तर तो काढायचा आणि त्या जागी शेजारच्या दोन यंत्रांची सरासरी घालायची. त्याआधी तो का तसा वागला हे पाहायचं असतं. मी टेबलाशी बसून विचारलं, भित्र्याचं काय करू? तर कोणी मान वर न करता म्हणालं, भित्राच तो, घाल सरासरी. साहेबांना नकाशा महिनाअखेर हवाय.

घातली. बटण दाबलं आणि खालची आळी लालची हिरवी झाली. खरं सांगायचं तर आकडा नीट तपासायला हवा होता, हे मला तेव्हाच कळत होतं. पण हिरवा रंग बघून इतकं बरं वाटलं, की मी लगेच धाकटीला फोन लावला.

५ जून

नकाशा गेला! नगरपालिकेने छापून चौकात लावला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं. आळीतल्या लोकांनी तर पेढे वाटायचेच बाकी ठेवले. इतकी वर्षं लाल शिक्का होता, कोणी घराच्या बांधकामाला हात लावू देत नव्हतं. आता लोक माळ्यावरचं सामान खाली आणताहेत.

धाकटी राहायला आली. पिल्लू अंगणभर रांगतं. नकाशाची एक प्रत तिने पाळण्यावरच्या भिंतीला चिकटवली आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आमच्या ताईने काढलाय. मला का कोण जाणे, तिथे बसवेना. डोकं दुखतंय सांगून लवकर निघाले.

१२ जून

खोलीच्या भिंतीला ओल आली आहे. जमिनीपासून घोट्याएवढ्या उंचीवर, चारी भिंतींवरून सरळ, पट्टीने आखल्यासारखी रेघ. टेकडीवर ओल कुठून येणार? वर टाकी नाही, खाली नळ नाही. बोट लावलं तर गाळ लागला. नदीचा वास.

क्वार्टरच्या रखवालदाराला बोलावलं. तो भिंतीकडे बघून माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, भिंत कोरडी आहे, मॅडम, तुम्हाला थोडी विश्रांती हवी.

दुसरी गंमत. दुरुस्तीसाठी म्हणून भित्रा मी मागच्या आठवड्यात काढून आणलाय. सेल काढून कपाटात ठेवलाय. तरी पडद्यावर त्याचे आकडे येताहेत. यंत्राला काय धाड भरलीये!

१९ जून

गंमत नाही ही. आज आकडा आणि रेघ ताडून पाहिली. पट्टी घेऊन. कपाटातला भित्रा सकाळी जे पाणी दाखवतो, तितक्याच उंचीवर माझ्या भिंतीवरची रेघ असते. आज गुडघ्याच्या वर. गादीची खालची बाजू चिखलाने भरली आहे. मी ती धुतली आणि वाळत टाकली, तर शेजारची बाई विचारते, स्वच्छ गादी कशाला धुता?

पांढऱ्या भिंतीवर पुसूनही जात नाही. घासून घासून बोटं सोलली.

२५ जून

आज सगळं कळलं. देवा.

धाकटीकडे गेले होते. सकाळपासून वरच्या भागात पाऊस, आळीत फक्त भुरभुर. अंगणातल्या गटाराचं झाकण खुळखुळ वाजत होतं. खालून पाणी बुडबुडत होतं, आणि नदीकडे जायचं सोडून आत, घरांकडे येत होतं. नदी थोडी चढली की नाल्याचं तोंड बंद होतं, पाणी उलटं फिरतं आणि आळीत शिरतं. काठावरच्या बाकी यंत्रांना ते दिसूच शकत नाही. नाल्याच्या तोंडाशी एकटा भित्राच होता.

भित्रा खरं सांगत होता. मी त्याचं तोंड दाबलं. नुसतं दाबलं नाही, आधी त्याला नाव ठेवलं, म्हणजे पुढे कोणी ऐकूनच घेणार नाही.

पिल्लू त्या झाकणावर बसून टाळ्या पिटत होतं. धाकटी म्हणाली, बघ ना, त्याला आवाज किती आवडतो. मी त्याला उचलून घेतलं, तर ते माझ्याच गळ्याशी खेळायला लागलं. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं आणि तरी मी काही बोलले नाही. एक अक्षर नाही.

ऑफिसला येऊन त्याचे आकडे परत घालून गणित मांडलं. आळी लाल. लाल म्हणजे, छपरापर्यंत.

२६ जून

साहेबांकडे गेले होते. सांगायलाच. त्यांनी आधी खुर्ची दिली, मग बातमी. खालच्या आळीच्या नकाशाबद्दल आपल्या केंद्राचा सत्कार आहे, बोलायचं तुम्हीच. मग विचारलं, तुमचं काय काम होतं?

मी म्हटलं, काही नाही, रजा हवी होती.

कुठून ही जीभ मिळाली मला? काही नाही म्हणे!

२९ जून

रेघ छातीशी. आता नुसती रेघ नाही. खुर्ची तरंगते. मी बसते तेव्हा साडी अंगाला चिकटते, जड होते. दार उघडलं की बाहेर सगळं कोरडं. लोक कोरड्या चपलांनी ये-जा करतात.

भित्रा हातोडीने फोडला. आकडे येतच आहेत.

धाकटीला फोन केला. म्हटलं, चार दिवस माझ्याकडे येऊन राहा, पिल्लूला घेऊन. ती हसली. पाऊस आहे, पिल्लूला सर्दी आहे, आणि ताई, तुझाच तर नकाशा भिंतीवर आहे, मग घाबरतेस कशाला? भित्रीच आहेस, म्हणाली.

तिने खरंच कारण विचारलं असतं तर सांगितलं असतं. नाही. तेव्हाही नसतं सांगितलं. खोटं कशाला लिहू?

१ जुलै

वरून पाऊस थांबत नाही. नदी वर वर. नगरपालिकेचा भोंगा बाकी सगळ्या वस्त्यांना बाहेर काढतोय. खालच्या आळीला नाही. ती हिरवी आहे.

पत्र लिहिलं साहेबांना. खरं, सगळं. पाठवायचं बटण — बोट वर — सत्कार, नोकरी, धाकटीचं तोंड — वीज गेली.

बोट वरच होतं. मी बटण दाबलं नव्हतं.

२ जुलै

टेबलावर बसून लिहिते आहे. गुडघ्यांपर्यंत पाणी. टेबलावर बसूनही.

फोन लागला एकदाचा. धाकटी माळ्यावर चढली होती. नवरा इस्पितळात अडकलाय. पिल्लू तिच्या खांद्यावर. मी सांगितलं. भित्रा, सरासरी, झाकण, सगळं. भडाभडा. रडत होते, तीही रडेल वाटलं. ती रडली नाही. एकच विचारलं, ताई, तुला हे कधीपासून —

तिथेच तुटला फोन.

परत लागत नाही. लागतच नाही.

दुपार, बहुतेक

छातीपर्यंत. वही डोक्याशी धरून —

दार वाजतंय. बाहेर रखवालदार नाही. दाराखालून आत पाणी येतंय, आणि नकाशाचा तुकडा, हिरव्या बाजूचा. पाळण्यावरचा.

पिल्लू खोकतंय. दारापलीकडे. सर्दी आहे त्याला.

ती रागावलेली नाही. शांतपणे विचारते आहे, तेच, परत परत. ताई, तुला कधीपासून —

सांगते गं. थांब. लिहून देते, मग खोटं बोलता येणार नाही. मला हे माहीत होतं त्या दिवसापासून, ज्या दिवशी मी